टोलवाढ आपोआप, पोटगीवाढीला मात्र अर्ज!

मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग खालापूर तालुक्याची भूमी चिरत बोरघाटाकडे जातो. या महामार्गावर टोल किती घ्यावा आणि तो केव्हा वाढवावा, याचे सूत्र शासनाने २००४ साली अधिसूचना काढून एकदाच ठरवून टाकले. वर्षाला सहा टक्के या हिशेबाने दर तीन वर्षांनी अठरा टक्के वाढ. याच सूत्राने १ एप्रिल २०२३ रोजी मोटारीचा टोल २७० रुपयांवरून ३२० रुपयांवर गेला. ही वाढ पदरात पाडून घेण्यासाठी कंत्राटदाराला न्यायालयाची पायरी चढावी लागली नाही. परिस्थिती बदलल्याचा पुरावा कोणी मागितला नाही, तारखेमागून तारीख पडली नाही. महागाई वाढणार हे शासनाने गृहीत धरले आणि त्या वाढीची तरतूद करारातच करून ठेवली.

आता त्याच तालुक्यातील कुंभिवलीकडे वळावे. सावरोली-खारपाडा रस्त्यावरील हे गाव. भातखाचरांच्या शेजारी कारखान्यांच्या भिंती उभ्या राहिल्या, जमिनीचे भाव गगनाला भिडले, कंत्राटी कामगारांची वर्दळ वाढली. अशा गावात एखादी घटस्फोटिता लेकराला घेऊन माहेरी राहते आहे, अशी कल्पना करावी. खालापूर-कर्जत पट्ट्यातील कोणत्याही गावात ही कल्पना करता येईल. समजा, २०१२ साली न्यायालयाने तिला दरमहा २,५०० रुपये पोटगी मंजूर केली. मूल तेव्हा अंगणवाडीत होते. आज ते महाविद्यालयात आहे. दरम्यान गॅस वाढला, एस. टी.चे भाडे वाढले, वह्या-पुस्तके वाढली, औषधे वाढली. पोटगी मात्र २,५०० रुपयेच राहिली. आणि तीही वेळेवर मिळाली तर! दरसाल सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत रुपयाचे मोल निम्मे होते. म्हणजे २०१२ साली न्यायाधीशांनी तिच्या हाती अडीच हजार ठेवले, आणि २०२४ साली त्याच हुकमाने तिच्या हाती सव्वा हजाराचीच किंमत उरली. हुकूम कोणी बदलला नाही, रकमेला कोणी हात लावला नाही, तरीही अर्धी पोटगी नाहीशी झाली.

खालापूरच्या टोलनाक्याचे सूत्र या पोटगीला लावले असते तर? दर तीन वर्षांनी अठरा टक्के धरून तीच रक्कम २०२४ साली सुमारे ४,८५० रुपये झाली असती. रस्त्याच्या डांबराला महागाई लागते हे ज्या व्यवस्थेला कळते, तिला आईच्या चुलीला महागाई लागते हे कळू नये, याला काय म्हणावे?

अंक बदलले, वाक्य तेच

कायद्यात पोटगी वाढवून मागण्याची सोयच नाही, असे कोणी समजू नये. सोय आहे, आणि ती फार जुनी आहे. इंग्रजांच्या १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ खाली पोटगीचा हुकूम होत असे आणि कलम ४८९ खाली त्या हुकमात फेरफार होत असे. स्वातंत्र्यानंतर १९७३ साली नवी संहिता आली. कलम ४८८चे १२५ झाले, ४८९चे १२७ झाले. पुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली व १ जुलै २०२४ पासून लागू झाली. १२५चे १४४ झाले, १२७चे १४६ झाले. वसाहतवादी कायद्यांचे जोखड फेकून दिल्याचे समाधान देशाने व्यक्त केले आणि ते योग्यही होते. परंतु या एका कलमापुरते पाहिले तर अंक बदलले, आतले वाक्य तेच राहिले. परिस्थितीत बदल झाल्याचे सिद्ध झाल्यावर दंडाधिकाऱ्याला भत्त्यात योग्य तो फेरफार करता येईल, एवढेच ते सांगते. अर्ज कोणी करायचा? जिला गरज आहे तिने. पुरावा कोणी द्यायचा? तिनेच. वकील, टंकलेखन, प्रवास, बुडालेली रोजंदारी, हा सारा खर्च कोणाचा? तिचाच.

हिंदू विवाह कायदा १९५५ मधील कलम २५ची रचनाही अशीच आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमाखाली घटस्फोटाच्या वेळी किंवा नंतर कायमची पोटगी ठरते. दुसऱ्या पोटकलमाखाली दोघांपैकी कोणाच्याही परिस्थितीत बदल झाला तर न्यायालय ती रक्कम वाढवू, घटवू किंवा रद्दही करू शकते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातही हुकूम बदलण्याची तरतूद आहे. म्हणजे दारे पुष्कळ आहेत. पण प्रत्येक दाराशी तिलाच ताटकळत उभे राहावे लागते.

या कायद्याने रकमेच्या बाबतीत किती निष्ठुरपणा केला आहे, तेही विसरता कामा नये. १९७३च्या संहितेने पोटगीची कमाल मर्यादा महिना ५०० रुपये ठरविली. बायकोला, मुलांना, आईबापांना, जे काही द्यायचे ते पाचशेच्या आत! आणीबाणी आली आणि गेली, सरकारे बदलली, जागतिकीकरण आले, रुपया पार घसरला. पण पाचशेचा आकडा संहितेत ठाण मांडून बसला. महाराष्ट्राने १९९९ साली आपल्या राज्यापुरती ही मर्यादा १,५०० रुपयांवर नेली. अखेर अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार असताना २००१ साली संसदेने ती मर्यादाच काढून टाकली. ती सुधारणा मोलाची होती यात शंका नाही. पण कायद्यातील मर्यादा गेली तरी हुकमातील मर्यादा शिल्लक राहिली. एकदा लिहिलेला आकडा गोठतो, तो गोठतोच.

न्यायालये काय सांगतात?

न्यायसंस्थेला याची जाण नाही असे मुळीच नाही. ४ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या प्रकरणात दिलेला निकाल महाराष्ट्राने तरी विसरू नये. कारण हा खटला आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेला होता. २०१३ साली सुरू झालेला अंतरिम पोटगीचा वाद मिटायला २०२० उजाडले. तात्पुरत्या पोटगीचीच ही कथा, मग कायमच्या पोटगीचे काय बोलावे! त्या निकालात न्यायालयाने दोन्ही पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर उघड करावीत असा दंडक घालून दिला. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. रक्कम ठरविताना वाढत्या महागाईचा विचार करावा, असेही बजावले. खालापूर-कर्जतसारख्या भागाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. शेतकरी कुटुंबांसाठी शपथपत्राचा वेगळा नमुना त्या निकालाला जोडलेला आहे. शेतीचे उत्पन्न कागदावर दिसत नाही, ही पळवाट न्यायालयाने ओळखली आहे.

परंतु दरवर्षीची वाढ आपोआप मिळावी, असा सार्वत्रिक नियम त्या निकालानेही घालून दिला नाही. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीची कायमची पोटगी वाढवून महिना ५०,००० रुपये केली आणि दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ मिळेल, असे हुकमातच लिहून ठेवले. दिशा दाखविणारा हा निकाल आहे. तरीही हिशेब मांडून पाहावा. दोन वर्षांनी पाच टक्के या गतीने दहा वर्षांत ५०,००० रुपयांचे सुमारे ६३,८०० होतात. रिझर्व्ह बँकेपुढे महागाईचे जे लक्ष्य ठेवलेले आहे ते वर्षाला चार टक्के. त्या गतीने आज ५०,००० रुपयांत येणाऱ्या वस्तूंना दहा वर्षांनी सुमारे ७४,००० रुपये पडतील. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाकडून मिळालेली वाढसुद्धा महागाईच्या मागेच राहते. मग ज्या हुकमात वाढीचे नावच नाही, त्याची अवस्था काय वर्णावी?

विलंबाची कथा तर आणखी विदारक आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या लखनौच्या एका प्रकरणात पत्नीने १९९८ साली अर्ज केला होता आणि कुटुंब न्यायालयाचा हुकूम झाला २०१२ साली. चौदा वर्षे! त्यातही पती सैन्यातून निवृत्त झाल्याचे कारण देऊन उच्च न्यायालयाने ४,००० रुपयांची पोटगी २,०००वर आणली. सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. धडधाकट पुरुषाला आपली जबाबदारी सहज झटकून टाकता येणार नाही, हा त्या निकालाचा मथितार्थ. पण चौदा वर्षांच्या प्रतीक्षेची भरपाई कोणता निकाल करणार?

पंचवीस रुपयांचा संताप

पोटगीचा विषय निघाला की शाहबानो प्रकरणाची आठवण अपरिहार्य आहे. इंदूरच्या दंडाधिकाऱ्यांनी १९७९ साली त्या वृद्ध स्त्रीला दरमहा २५ रुपये मंजूर केले. नवरा होता नामांकित वकील! ही रक्कम अपुरी आहे म्हणून ती उच्च न्यायालयात गेली आणि १९८० साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. म्हणजे या देशातील सर्वांत गाजलेल्या पोटगी प्रकरणाच्या मुळाशी वाढवून मागितलेली पोटगीच होती. २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. त्यानंतर १९८६ साली राजीव गांधी सरकारने मतपेढीसमोर मान तुकवून जो कायदा केला, त्याचा इतिहास वाचकांना नव्याने सांगायला नको. २००१ साली दानियल लतीफी प्रकरणात आणि १० जुलै २०२४ रोजी तेलंगणातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्या चुकीची बरीचशी भरपाई केली. कलम १२५चा आसरा धर्माचा विचार न करता सर्व स्त्रियांना आहे, हे २०२४च्या निकालाने स्पष्ट झाले.

त्या पंचवीस रुपयांचा संताप ज्यांना आला, तो रास्तच होता. पण 'आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून' हा न्याय समाजहिताची भाषा बोलणाऱ्यांना शोभत नाही. आपल्याच आळीत, आपल्याच भावकीत, एखाद्या लेकीला दहा-बारा वर्षांपूर्वी ठरलेल्या हजार-दोन हजारांवर दिवस काढावे लागत असतील, तर शाहबानोच्या नावाने व्याख्याने देण्याचा नैतिक अधिकार कोणाला उरतो? समान नागरी कायदा झालाच पाहिजे. पण त्या कायद्यातही पोटगीचा आकडा असाच गोठलेला राहणार असेल, तर तो सर्व स्त्रियांवर समान अन्याय करील, एवढाच त्याचा अर्थ होईल.

संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तर या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहावे. 'भर्ता' आणि 'भार्या' हे दोन्ही शब्द 'भृ' या एकाच धातूपासून आले आहेत. जो भरण करतो तो भर्ता, जिचे भरण करायचे ती भार्या. आपल्या धर्मशास्त्राने कुटुंबातील आश्रितांचे भरणपोषण हे कर्तव्य मानले, भीक मानली नाही. विवाह मोडला तरी ज्या लेकराला जन्म दिला त्याचे भरण थांबत नाही. आणि भरण म्हणजे कागदावरची रक्कम नव्हे. पोटात अन्न गेले तर ते भरण. मराठीने तर हा अर्थ शब्दातच ठेवला आहे. पोटगी ही पोटासाठी असते. पोट काही २०१२च्या भावाने भरत नाही.

'आता काय नवीन काढलंस?'

कायद्यापेक्षाही कठोर भिंत आहे ती समाजाची. पोटगी मंजूर होते तेव्हा नातेवाईक पाठीशी असतात. भाऊ वकिलाकडे येतो, मामा साक्षीला उभा राहतो. दहा वर्षांनी तीच स्त्री वाढीचा अर्ज करायचा म्हणते, तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच येतो, 'अगं, मिटलेलं प्रकरण. आता काय नवीन काढलंस?' शेजारीण म्हणते, 'पैशाची हाव सुटली हिला.' गावकीतील जाणते म्हणतात, 'त्याचा दुसरा संसार आहे, उगाच त्रास कशाला?' घरभाडे वाढविणाऱ्या मालकाला कोणी हावरट म्हणत नाही. पगारवाढीसाठी कारखान्याच्या फाटकाशी बसणाऱ्या कामगाराला समाज हक्काचा लढवय्या म्हणतो. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, वाढतो. त्याला 'अजून किती?' असे कोणी विचारत नाही. तो भत्ता महागाईसाठीच दिला जातो आणि महागाई घरातील प्रत्येक तोंडाला लागते. मग त्या कर्मचाऱ्याच्या विभक्त पत्नीच्या आणि मुलाच्या वाट्याला त्यातली एक दमडीही का येऊ नये?

जमिनीची गोष्ट तर याहून लाजिरवाणी. द्रुतगती महामार्गानंतर खालापूर-कर्जत पट्ट्यात जमिनीचे रूपच पालटले. शेतघरे आली, गृहसंकुले आली, कारखाने आले. नैना क्षेत्राची घोषणा झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू वाहतुकीला खुला झाला, आणि प्रत्येक घोषणेसरशी गुंठ्याचा भाव वर चढत गेला. ज्या पतीने पोटगीच्या वेळी 'दोन एकर भातशेती, पावसावर अवलंबून, उत्पन्न नगण्य' असे लिहून दिले असेल, त्याच्या त्या दोन एकरांचे पुढे काय झाले, हे न्यायालयाला कोण सांगणार? परिस्थितीत बदल झाल्याचे याहून ठळक उदाहरण कोणते? पण व्यवहार झाला, पैसा वाटला गेला, नवे घर उभे राहिले, दाराशी गाडी आली. आणि घटस्फोटितेला पोटगी जुन्याच भावाने! तिला व्यवहार कळेपर्यंत सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे लागलेले असते.

याचाही उपाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५(१) मध्ये आहे. पोटगीच्या हमीसाठी न्यायालय पतीच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवू शकते. असा बोजा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात नोंदविला गेला तर खरेदीदाराला तो दिसतो आणि पाठीमागे व्यवहार उरकण्याची सोय राहत नाही. बँकेच्या कर्जाचा बोजा तलाठी कार्यालयात विनातक्रार चढतो. मुलाच्या अन्नाचा बोजा चढविण्याची मागणी मात्र क्वचितच कोणी करतो. ही तरतूद वकिलांना ठाऊक नाही असे नाही. ती मागायला कोणी सांगत नाही, एवढेच.

गावोगावी चालणारी दुसरी रीत म्हणजे 'एकरकमी'. पंच बसतात, मुद्रांक कागदावर काडीमोड लिहिली जाते, चाळीस-पन्नास हजार हातावर ठेवले जातात आणि 'यापुढे कोणताही हक्क सांगणार नाही' असे तिच्याकडून लिहून घेतले जाते. मुळात, त्या समाजात तशी रूढी असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय अशा कागदाने विवाह कायद्याने मोडत नाही. शिवाय, पोटगीचा वैधानिक हक्क कराराने सोडून देणे हे लोकधोरणाविरुद्ध आहे, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयासह काही उच्च न्यायालयांनी घेतली आहे. आणि आईने काहीही लिहून दिले तरी मुलाचा हक्क त्याने बुडत नाही. हे सांगायला गावात कोणी नसते, म्हणून तो कागद चालतो.

पुरुषांच्या तक्रारीचे काय?

येथे एक आक्षेप हमखास येतो. पोटगीच्या कायद्याचा गैरवापर होतो, शिकल्या-सवरल्या कमावत्या स्त्रिया नवऱ्याला पिळून काढतात, निष्पाप पुरुष आणि त्याचे म्हातारे आईबाप भरडले जातात, असे म्हटले जाते. अशी उदाहरणे नाहीत असे कोणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. पण त्यावरचा इलाज काय, हे शांतपणे पाहावे. फेरफाराची तरतूद दोन्ही बाजूंना सारखीच उघडी आहे. पतीची नोकरी गेली, त्याला दुर्धर आजार झाला, पत्नीला चांगली नोकरी लागली, तिने पुनर्विवाह केला, तर पतीलाही रक्कम कमी करून वा रद्द करून मागता येते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात उच्च न्यायालयाने १६,००० वरून २३,००० केलेली पोटगी २०,००० वर आणली. कारण पतीने दुसरा विवाह केला होता आणि त्या संसारात मूल होते. न्यायालये पुरुषाचे ऐकतच नाहीत, या समजाला हे उत्तर पुरेसे आहे.

मात्र बहुसंख्य पती हा मार्ग धरत नाहीत. ते अर्ज करीत नाहीत. ते पैसे देणेच थांबवितात. मग स्त्रीने वसुलीसाठी पुन्हा धावायचे. तिथेही एक वर्षाची मुदत तिच्याच मानेवर. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही तर त्या कलमाखाली थकबाकीचे वॉरंट निघत नाही. ज्याला खरोखर अडचण आहे त्याने न्यायालयात जाऊन सांगावे. ज्याला अडचण नाही त्याने भावाप्रमाणे द्यावे. यात अन्याय कोणावर होतो? उलट, वाढ निर्देशांकाशी जोडली तर दर चार वर्षांनी होणारे नवे आरोप-प्रत्यारोप आणि वकिलांची बिले, यांतून पुरुषाचीही सुटका होईल. एका साध्या गणिताने जे मिटते, त्यासाठी दोन घरांनी पुन्हा पुन्हा एकमेकांची लक्तरे वेशीवर का टांगावीत?

हे अशक्य आहे असेही नाही. जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचा मुलांच्या पोटगीचा तक्ता १९६२ पासून वापरात आहे. तो वेळोवेळी, आणि अलीकडे साधारणपणे दरवर्षी, सुधारला जातो. पालकाचे उत्पन्न आणि मुलाचे वय पाहिले की किमान रक्कम कळते. पश्चिमेचे सगळेच घ्यावे असे नाही. तेथील मोडकी कुटुंबव्यवस्था आपल्याला नको आहे. पण मोडलेल्या घरातील मूल उपाशी राहू नये यासाठी त्यांनी काढलेली व्यवस्था घेण्यात कमीपणा कसला? आणि परदेशात जाण्याचीही गरज नाही; महागाई भत्त्याचा निर्देशांक आपलेच सरकार दर महिन्याला प्रसिद्ध करते.

करायचे काय?

संसदेने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये स्पष्ट तरतूद करावी. पोटगीचा प्रत्येक हुकूम दरवर्षी १ एप्रिलला ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे आपोआप वाढेल, आणि वाढ नको असेल तर देणाऱ्याने अर्ज करून कारण सिद्ध करावे. पुराव्याचे ओझे आज घेणारीच्या डोक्यावर आहे, ते देणाऱ्याच्या खांद्यावर जावे. देणाऱ्याने दरवर्षी उत्पन्नाचे आणि मालमत्तेच्या व्यवहारांचे शपथपत्र द्यावे. घेणारी कमावती असेल तर तिनेही द्यावे. शेतजमीन असेल तेथे बोजाची नोंद हुकमासोबतच तहसील कार्यालयाकडे जावी.

संसद करील तेव्हा करील. कार्यकर्त्यांना आजच करता येण्याजोगे पुष्कळ आहे. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समिती त्यासाठीच आहे. हे किती घटस्फोटितांना ठाऊक आहे? स्त्री जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्याकडे पोटगीचा मूळ अर्ज करता येतो. नवऱ्याच्या गावी फेऱ्या मारण्याची सक्ती नाही. हे किती जणींना कोणी सांगितले? जुन्या हुकमाची नक्कल काढणे, मुलाच्या शाळा-महाविद्यालयाच्या पावत्या आणि औषधांची बिले जपून ठेवणे, सातबाऱ्याचे ताजे उतारे आणि फेरफार नोंदी मिळविणे, तारखेला तिच्यासोबत जाणे, ही कामे पदवीधरच काय, दहावी शिकलेला तरुणही करू शकतो. सणाला वस्तीत साड्या वाटण्यापेक्षा अशा एका स्त्रीचा एक अर्ज मार्गी लावणे ही अधिक खरी सेवा होय.

आणि मध्यमवर्गीय कुटुंबांनी आपल्या घरातच पाहावे. मुलगा विभक्त झाला असेल, त्याला बढती मिळाली असेल, भत्ता वाढला असेल, तर 'तिने अर्ज केला तर बघू' असे म्हणणाऱ्या आईवडिलांनी क्षणभर थांबून विचार करावा, की तिकडे वाढणारे नातवंड आपलेच आहे. न्यायालयाच्या हुकमापेक्षा अधिक देण्यास कोणत्याही कायद्याची मनाई नाही. जो स्वतःहून वाढवितो त्याच्यावर अर्ज येत नाही, त्याची लाज चव्हाट्यावर जात नाही, आणि त्याच्या मुलाच्या मनात बापाविषयी विष साठत नाही.

कुटुंबसंस्था टिकावी असे म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा कुटुंब मोडल्यावरच होते. संसार सुखाने चालू असताना कर्तव्याच्या गोष्टी कोणीही सांगेल. संसार मोडल्यानंतर, प्रेम आटल्यानंतर, दोन घरांत वैर उभे राहिल्यानंतरही लेकराच्या ताटातील भाकरी लहान होऊ न देणे, याला संस्कार म्हणतात. महामार्गाच्या टोलनाक्यावर शासनाने एका कंत्राटदाराच्या नफ्याची दर तीन वर्षांनी काळजी घेतली. त्याच महामार्गालगतच्या गावांत राहणाऱ्या आयांची आणि लेकरांची तेवढी तरी काळजी घ्यावी, ही मागणी फार मोठी नाही. ती आज मान्य होत नसेल, तर समाजाने ती मान्य होईपर्यंत शासनाला स्वस्थ बसू देऊ नये, आणि तोपर्यंत आपल्या आळीतील एकाही लेकीला न्यायालयाच्या दारात एकटी उभी राहू देऊ नये.